मंद्या, टोकन अजून टाकू नकोस

प्रिय मंद्या,

ती बलेनो काल संध्याकाळी जाऊन बघितली. इथे बडोद्यातच, समामध्ये आहे, रंग चकाचक, टायर चांगले, मालक बोलायलाही सज्जन, पण तू आजच टोकन ऑनलाइन टाकतो म्हणतोयस ते प्लीज थांबव.

तुझी काळजी रिकॉलची आहे ना, ती आधी सांगतो. गाडी ऑक्टोबर २०१९ ची आहे. मारुतीने जुलै २०२० मध्ये ८ जानेवारी ते ४ नोव्हेंबर २०१९ मधल्या पेट्रोल बलेनो फ्युएल पंपासाठी परत बोलावल्या होत्या, ७८,२२२ गाड्या, आणि मार्च २०२४ मध्ये पुन्हा ११,८५१, त्या ३० जुलै ते १ नोव्हेंबर २०१९ च्या, पंपाच्या मोटरच्या एका पार्टसाठी, त्याने गाडी चालता चालता बंद पडू शकते किंवा स्टार्टच होत नाही. म्हणजे ही दोन्हीत बसू शकते. पण रिकॉल निघाला म्हणून गाडी टाकाऊ होत नाही रे, पार्ट फुकट बदलून मिळतो. आरसीवरचा सतरा अक्षरांचा चेसिस नंबर कंपनीच्या साइटवर टाकून बघ, आणि तोच नंबर देऊन वर्कशॉपमधून सर्व्हिस हिस्टरी काढायला मालकाला सांग. पंप बदलल्याची नोंद असेल तर विषय संपला, नसेल तर मालकांकडूनच बदलून घ्यायचा, मग पैसे.

मला खरी भीती पाण्याची आहे. ऑगस्ट २०२४ च्या पुरात विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली होती, समा, फतेगंज, अकोटा सगळीकडे पाणी, पार्किंगमधल्या गाड्या बॉनेटपर्यंत बुडालेल्या मी स्वतः बघितल्यात. त्यातल्या कितीतरी धुऊन पुसून विकल्या गेल्या असणार, आणि पाण्यासाठी कुठली कंपनी रिकॉल काढत नाही. पाणी आत असताना कोणी सेल्फ मारला असेल तर सिलिंडरमधलं पाणी दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. थोडासाच वाकला तर गाडी मस्त चालते, ट्रायलमध्ये तुला काहीच कळणार नाही, आणि मग कधीतरी हायवेवर रॉड तुटून ब्लॉक फोडतो. ते झालं की नवीन इंजिनच.

या गाडीत मॅटिंग नवीन आहे पण सीटच्या खालच्या रेल्सना गंज आहे, ते मला खटकलं. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघितले, ते स्वच्छ निघाले, चिखलाचे डाग नाहीत. मालक म्हणतात पुरात गाडी उंचावर होती, असेलही, मी त्यांना खोटं म्हणत नाही. पण मी पोचलो तेव्हा बॉनेट गरम होतं, आणि गरम इंजिन अर्ध्या गोष्टी लपवतं. सकाळी थंड स्टार्टला निळा धूर आला तर ऑइल जळतंय, पांढरा थोडा वेळ चालतो पण गरम झाल्यावरही येत राहिला तर कूलंट आत जातंय, हे सगळं थंड गाडीवरच दिसतं. ऑइल दुधाळ नव्हतं पण ते बदललं की दिसत नाहीच, त्यावर जाऊ नकोस.

म्हणून रॉड वाकलाय का ते कळायला कॉम्प्रेशन टेस्ट करायचीच. चारही प्लग काढून एकेका सिलिंडरला दाब मोजायचा गेज लावायचा, आकडे जवळपास सारखे हवेत, एखादाच बराच खाली असेल तर आपण सरळ नको म्हणायचं, किंमत कितीही कमी करू देत. आमच्या दांडिया बाजारातला मेकॅनिक यायला तयार आहे, तो स्कॅनरही आणेल, गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड नुकतेच उडवलेत का तेही कळतं.

आणि इन्शुरन्सच्या पॉलिसीचा फोटो मागव, सध्याचा आणि २०२४ चा. पहिल्याच मालकाची गाडी आहे, कधीच क्लेम नसेल तर नो क्लेम बोनस, म्हणजे प्रीमियममधली सूट, आत्ता ५० टक्के असायला हवा. पुरानंतरच्या रिन्यूअलला तो शून्यावर आलेला दिसला तर क्लेम कशाचा होता हे विचारायचंच.

गाडी नाशिकला न्यायची म्हणजे इथल्या आरटीओची एनओसी, मग महाराष्ट्राचा टॅक्स, ते नंतर बघू. वहिनी आणि पोरगी रोज त्याच गाडीत बसणार आहेत मंद्या, एका आठवड्याने काय बिघडतंय.

शनिवारी सकाळी सातला जातोय. मालकांना तू फोन कर आणि सांग की आम्ही यायच्या आधी गाडी अजिबात चालू करू नका.

तुझा,
सुध्या