मे महिन्यातला ब्रह्मा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत परसातल्या कोंबड्यांवर लेख आला. लेख बरा होता. पण शेवटच्या चौकटीत नवख्यांना सल्ला दिलाय की ब्रह्मा, कोचीन, वायनडॉट अशा जुन्या, काटक जाती घ्या, कडाक्याच्या थंडीतही टिकतात, थंडीत अंडी देतात. तो वाचून माझा चहा कपातच राहिला. असाच सल्ला ऐकून आणलेला एक कोंबडा मी भर नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या नऊ सर्वांत तापत्या दिवसांत, स्वतःच्या हातानं पुरलाय, म्हणून हे पत्र.

मी अजनीच्या लोको शेडमधून निवृत्त झालेला माणूस. मानेवाड्याला घर, मागे वीस बाय तीसचं परस, त्यात एक कडुलिंब आणि एक शेवगा. 2017 पासून बारा-चौदा गावरान कोंबड्या पाळतो. मोबाईलवर एका विक्रेत्यानं ब्रह्माच्या जोडीचा व्हिडिओ टाकला आणि मी भुललो. जोडीला चोवीसशे रुपये मोजले. कोंबडा दिसायला एखाद्या संस्थानिकासारखा. पायात पिसांचे मोजे, छातीवर राखाडी रांगोळी, वजन चार किलोच्या वर. आमच्या सौ. म्हणाल्या, "ब्रह्मदेवाची पूजा कुठं होत नाही, अन् तुम्ही त्याला खुराड्यात आणून ठेवता काहून?"

नावामुळे लोकांना ही जात आपली वाटते. नाव खरंच ब्रह्मपुत्रेवरून पडलंय, पण जात घडली अमेरिकेत. शांघाय बंदरातून गेलेल्या मोठाल्या कोंबड्या आणि त्यांत चितगावकडच्या राखाडी कोंबड्यांचं रक्त, असा तो मेळ. 1852 साली एका अमेरिकन व्यापाऱ्यानं राणी व्हिक्टोरियाला त्यातल्या नऊ भेट पाठवल्या आणि तिकडे या जातीचं खूळ पसरलं. तिकडच्या बर्फाला ती खरोखर योग्य आहे. पिसं दाट, अंग मोठं, तुरा अगदी नावापुरता, तीन बारीक रांगांचा. मोठा उभा तुरा कडक हिवाळ्यात गोठून काळा पडतो, झडतो. तुरा लहान असला की ती पीडाच नाही.

आता हाच कोंबडा नागपुरात आणा. कोंबडीला घाम येत नाही. अंगातली उष्णता बाहेर काढायची तर तुरा, गळ्याच्या लोंबत्या पाळ्या आणि उघडे पाय, एवढीच तिची खिडकी. त्यानंही भागलं नाही की चोच उघडी टाकून धापा टाकायच्या. ब्रह्माची तुऱ्याची खिडकी आधीच बारीक, पायांवर वरून पिसांचे मोजे, आणि अंगात गोधडी. कोंबडीच्या शरीराचं तापमानच 41-42 अंश असतं. बाहेर 44 झालं की उष्णता जाणार कुठं? आमच्या शहरानं 23 मे 2013 ला 47.9 पाहिलंय. (2024 च्या मेमध्ये इथल्या एका यंत्रानं 56 दाखवलं होतं, पण ते यंत्रच बिघडलेलं निघालं. आम्हा नागपूरकरांना मात्र त्या दिवशी ते खोटं वाटलं नव्हतं.)

कोंबड्यासाठी मी काय नाही केलं. वाळ्याची ताटी लावली, मडक्यातलं पाणी दर तासाला बदललं, पाण्यात गूळ-मीठ घातलं, घरातला कूलर खिडकीतून खुराड्याकडे वळवला. नवतप्याच्या तिसऱ्या दिवशी दुपारी अडीचला वीज गेली. चारला आली तोवर तो पंख पसरून, चोच मातीत टेकवून पडला होता. माझ्या गावरान कोंबड्या त्याच वेळी शेवग्याखाली ओल्या मातीत खड्डे करून, डोळे मिटून बसल्या होत्या. एकही दगावली नाही. अंडी मात्र त्या महिन्यात पातळ कवचाची आली. धापा टाकून टाकून रक्तातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कवचाला लागणारं कार्बोनेट कमी पडतं, हे मला पुढे एका पशुवैद्यकानं समजावलं.

चौकटीतला दुसरा भाग थंडीचा. नागपुरात थंडी पडतच नाही असं मी म्हणणार नाही. 29 डिसेंबर 2018 ला पारा 3.5 वर होता. त्या आठवड्यात मी घाबरून खुराड्याला चहूबाजूंनी प्लास्टिकची ताडपत्री गुंडाळली. सकाळी उघडलं तर आत पाण्याचे थेंब, विष्ठेच्या वासानं डोळे चुरचुरले, आणि तीन कोंबड्या शिंकत, डोळे सुजलेल्या. कडुलिंबाच्या फांदीवर उघड्यावर झोपणाऱ्या दोन हट्टी तलंगा (तरुण कोंबड्या) मात्र टुणटुणीत. तेव्हापासून उत्तरेच्या बाजूला फक्त गोणपाट लावतो, वरची फट उघडी ठेवतो, खाली चार बोटं कोरडं धानाचं तूस पसरतो आणि संध्याकाळी मूठभर भरडलेला मका जास्त टाकतो. रात्रभर पोटात दाणा जिरत राहिला की कोंबडीला तीच शेगडी.

"थंडीत अंडी देतात" याबद्दलही थोडं. हिवाळ्यात अंडी घटतात ती मुख्यतः दिवस लहान झाल्यानं. भरपूर अंड्यांसाठी चौदा ते सोळा तास उजेड लागतो. डिसेंबरच्या अखेरीस नागपूरचा दिवस अकरा तासांचाही नसतो. मी पहाटे साडेचारपासून उजाडेपर्यंत नऊ वॉटचा दिवा लावतो. खर्च किरकोळ, फरक दिसतो. त्यासाठी विलायती जात आणायची गरज नाही.

जात हवेनुसार कशी घडवतात याचं उदाहरण लेखकाला हवं असेल तर कॅनडातल्या 'शांतक्लेर'चं देतो. क्युबेकमधल्या ओका मठातल्या एका धर्मबंधूच्या लक्षात आलं की आपल्याकडे हिवाळा उणे तीसचा आणि मठात कोंबड्या सगळ्या परक्या हवेतल्या. 1908 पासून त्यानं पाच जातींचा संकर करत, निवडत निवडत, जवळपास तुरा नसलेली, मांस-अंडी दोन्हींची कोंबडी तयार केली. 1921 मध्ये तिला अमेरिकेत जात म्हणून मान्यता मिळाली. त्या पाचांपैकी एक होती कॉर्निश, आणि कॉर्निशमध्ये आपल्या असीलचं रक्त आहे. म्हणजे त्यांनी आपली कोंबडी नेऊन त्यांच्या हिवाळ्यासाठी जात घडवली, आणि आपण त्यांची हिवाळ्याची कोंबडी आणून मे महिन्यात मारतो.

आपल्या देशातही थंडीची माणसं थंडीची कोंबडी पाळतातच. काश्मीरची फेव्हरोला, उत्तराखंडची उत्तरा, दोघींची देशी जात म्हणून रीतसर नोंद आहे. मला विचारायचंय ते विदर्भाचं. भिवापूरकडे माझ्या मावसभावाच्या गोठ्यात बोडक्या मानेची एक कोंबडी आहे. दिसायला कुरूप, पोट्टे तिला गिधाड म्हणतात. पण मानेवर पिसं नाहीत आणि अंगावरही कमीच, त्यामुळे मेच्या दुपारीसुद्धा ती उकिरडा उकरत असते. अशा कोंबड्या आता गावोगावी सरकारी योजनेच्या पिलांत मिसळून जाताहेत. त्या निवडून, वेगळ्या राखून, उन्हाळ्यात किती जगल्या याचा हिशोब कुणी ठेवतंय का? पशुवैद्यकांचं विद्यापीठ आपल्याच शहरात आहे. आपल्या वार्ताहरानं तिथे जाऊन हा एक प्रश्न विचारावा आणि उत्तर पुढच्या चौकटीत छापावं, एवढी विनंती.

जोडीतली ब्रह्मा कोंबडी वाचली होती. पावसाळ्यात तिच्या पायांच्या पिसांना चिखलाचे गोळे लागायला लागले, तेव्हा तिला पाटीत घालून एसटीनं चिखलदऱ्याला साडूंकडे सोडून आलो. तिथली हवा तिला मानवली. परवा साडूंचा फोन आला, गावरान कोंबडीची नऊ अंडी खाली घेऊन ती खुडूक बसली आहे.

आपला,
एक निवृत्त रेल्वे कर्मचारी
मानेवाडा, नागपूर