लढाईच्या आधी जेवणावळ हवीच

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत एका लेखात वाचलं की फँटसी कादंबऱ्यांनी आता वेबसिरीजसारखं पहिल्या पानापासून पळायला पाहिजे, नाहीतर तरुण वाचक पुस्तक मिटून ठेवतो. मला काही हे पटलं नाही, आणि मी कोणी रिटायर्ड मास्तर नाहीये, मोबाईल माझ्याही हातातून सुटत नाही.

'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चंच घ्या ना. २००१ च्या सिनेमात सुरुवातीलाच युद्ध, जादूच्या अंगठीचा इतिहास, सगळं काही मिनिटांत उरकलंय आणि तिथे ते जमतं, कारण समोर सैन्य दिसतंय, म्युझिक वाजतंय, नावं नाही कळली तरी डोळे हलत नाहीत. १९५४ च्या पुस्तकात मात्र आधी बिल्बो नावाच्या हॉबिटाच्या, म्हणजे बुटक्या जमातीतल्या एकाच्या, वाढदिवसाची जेवणावळ. तो १११ वर्षांचा, त्याचा वारस फ्रोडो ३३ चा, बेरीज १४४, म्हणून खास पंगतीला माणसंही मोजून १४४, आणि भाषणात हा बाबा त्यांना चक्क 'एक ग्रोस' (म्हणजे बारा डझन) म्हणतो, दुकानदार बटणं मोजतो तसं, मग पाहुणे रुसणारच की! त्यानंतर तो अंगठी घालून गायब होतो आणि फ्रोडो घर सोडतो ते थेट १७ वर्षांनी. सिनेमात ही १७ वर्षं जाणवतसुद्धा नाहीत. पण पुस्तकात तोवर शायर हा हॉबिटांचा मुलूख आपलंच गाव झालेला असतो, म्हणून अंगठीच्या मागावरचे काळे घोडेस्वार आले की पोटात गोळा येतो.

गेमवाल्यांनाही हे कळतं. २०११ चा 'स्कायरिम' सुरू होतो तेव्हा आपण हात बांधून घोडागाडीत, फक्त मान वळवता येते आणि बाकीचे कैदी बोलतायत. अख्खं रील कधी न बघणारा माझा भाचा ते सगळं निमूट ऐकत बसला, कारण पुढे मुंडकं उडणार हे कळलेलं असतं ना.

आणि आपल्या कीर्तनात काय वेगळं असतं? आधी पूर्वरंगात अभंगाचं निरूपण, आख्यान उत्तररंगात. (लोक आख्यानालाच टपकतात ती गोष्ट वेगळी.)

परवा एक नवी कादंबरी घेतली, पहिल्याच पानावर तीन माणसं मेली. कोण कुठली पत्ता नाही, मी रडू कोणासाठी?

आता एक कबूल करतो, प्रस्तावनेतलं हॉबिटांच्या तंबाखूचं पुराण पहिल्या वेळी मीपण गाळलं होतं.

आपला,
एक वाचक, मिरज