उपळसरीचा वास

प्रिय शुभे,

दिवाळीत ना पत्र, ना फोन. रागावली असशील. माझी पाठ आता बरी आहे, बाकी सगळे ठीक. लिहायला बसले ते आईपायी.

रविवारी आई हडसरकडच्या माळावरून उपळसरी घेऊन आली. ओच्यात मुळं, वेलाचे दोन तुकडे, हात मातीने माखलेले. मुळं धुऊन पाट्यावर ठेचली, कढत पाणी ओतून झाकण ठेवलं. उपळसरी उकळायची नाही, वास उडतो. तू एकदा खळखळा उकळलीस आणि त्यावरून आपण आठवडाभर बोललो नव्हतो, आठवतं?

मी झाकण काढलं. वासच नाही गं! मूळ नखाने खरवडलं, तरी मातीचाच वास. वेल पाहिला. पानं समोरासमोर, तोडल्यावर पांढरा चीक, पण पानाच्या मधल्या शिरेवरची ती पांढरट रेघ कुठेच नाही. आईने कप नाकाशी नेला, डोळे मिटले. म्हणाली, "काय घमघमाट सुटलाय!"

माझ्या पोटात खड्डा पडला. कपात मुंगी पडलीय म्हणून तो काढून घेतला, मोरीत ओतला आणि तिला गवती चहा करून दिला. तिने तोही वास घेत, तसाच कौतुक करत प्यायला.

चीक काय, रुईलाही येतो. उपळसरी नाकाने ओळखायची, हे आपल्याला डोळे मिटायला लावून तिनेच शिकवलं. एका बाजूचं मूळ काढायचं, बाकीच्यावर माती दाबायची. तू अख्खा वेल उपटलास आणि नाव माझं सांगितलंस, ते मी अजून विसरले नाहीये.

२०२१ च्या त्या तापानंतर असेल का? मागच्या महिन्यात दूध करपलं तेव्हा ती शेजारीच बसून भाजी निवडत होती. तेव्हाच मला कळायला हवं होतं. उन्हाळी लागली की वाडीतली माणसं अजून तिच्याच दारात येतात, लेकरांसाठीसुद्धा मुळं नेतात. उद्या तिने भलतंच काही दिलं तर? माळावर जाऊ नको म्हणाले तर ती जेवणार नाही. आणि तुला वास येत नाही, हे तिला कोणत्या तोंडाने सांगू? तुझं ऐकते ती. माझं कधी ऐकलंय?

धाकट्याची परीक्षा कशी गेली? नव्या घरात पाणी नीट येतं का? चेन्नईत गाडीवर नन्नारी सरबत मिळतं म्हणालीस ना, ती आपली उपळसरीच.

सोबत दोन पुड्या आहेत. एकीत आईने परवा आणलेलं मूळ, दुसरीत मी काल शोधून आणलेलं. कुठलं कशात ते मुद्दाम लिहिलं नाही. चाखू नकोस, नुसता वास घे आणि लगेच फोन कर. माझंच नाक चुकलं असेल तर फार बरं होईल गं.

तुझी,
मंदा