तुझी गाडी पुसली, दिन्या

अमळनेर,
२० जून

प्रिय दिन्या,

सप्रेम नमस्कार.

काय भो, नाशिकला गेल्यापासून पाऊस फक्त तुमच्याकडेच पडतो का? इथे रोज संध्याकाळी आभाळ भरून येतं, वारा सुटतो, लाईट जाते आणि ढग निघून जातात. असो. सरळ मुद्द्यावर येतो, कारण दोन आठवडे हे पत्र टाळतोय. चिऊच्या खोलीतली तुझी गाडी आम्ही पुसली.

फोनवर सांगता आलं असतं, पण मग तू "बरं केलं, जुनी झाली होती" म्हणून मोकळा झाला असतास.

तुला आठवत असेल, चिऊ तीन वर्षांची होती, तू नोकरीच्या शोधात होतास आणि आमच्याकडे दिवाळीला चार दिवस राहिलास. डिस्टेंपरच्या उरलेल्या डब्यात स्टेनरच्या बाटल्या ओतून दोन रात्रींत अख्ख्या पश्चिमेच्या भिंतीवर सुरत-भुसावळ पॅसेंजर काढलीस. एकेका डब्यावर एकेक स्टेशन : नंदुरबार, दोंडाईचा, नरडाणा, अमळनेर, धरणगाव, जळगाव, भादली, भुसावळ. नरडाण्याचा डबा पिवळा का, हे मला अजून कळलेलं नाही.

आता चिऊ नववीत गेली. तिला चिऊ म्हटलेलंही चालत नाही, मैत्रिणींसमोर तर नाहीच. उंची पाच फूट दोन इंच, आणि पलंग मी तेव्हा काटकसर म्हणून पाच फुटांचा करून घेतला होता. वर्षभर ती तिरकी झोपायची. मला वाटायचं, पोरीला तिरकं झोपायची सवय आहे. बापाची अक्कल, दुसरं काय!

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ताई पोराबाळांसह आली. त्या खोलीत सहा पोरी आडव्या झोपल्या, रात्री दोनपर्यंत खिदळल्या. ताई सासरी गेली त्या संध्याकाळी चिऊने वहीचं पान माझ्यापुढे ठेवलं. तीन मागण्या. लांब पलंग, खिडकीपाशी टेबल, आणि दाराला आतून कडी. गाडीबद्दल एक शब्द नाही. मी विचारलं, "आणि भिंत?" तर म्हणे, "राखोडी करू."

कडीवरून घरात दोन दिवस बोलणी चालली. मी म्हणालो, कशाला हवी कडी, आपल्या घरात कोण कोणाच्या खोलीत शिरतं? बायको म्हणाली, "तुम्ही. दार न वाजवता. रोज." मग मी पंख्याकडे बघत बसलो.

खरी अडचण आईची होती. वडील गेल्यापासून तिची खाट त्याच खोलीत. तिला कसं सांगायचं हे आम्ही दोघं स्वयंपाकघरात कुजबुजत ठरवत होतो, आणि सकाळी बघतो तर तिने वळकटी आधीच मधल्या खोलीत आणून टाकलेली. म्हणाली, "रातले लाईट चालू ठेवस ती, माले झोप येस नही." चिऊ दहाला लाईट बंद करते, दिन्या. आईलाही ते ठाऊक आहे.

मग काम काढलं, तेही मे महिन्यात. पेंटर म्हणाला, "दादा, दुपारी पश्चिमेच्या भिंतीला हात लावून दाखवा." चटका बसला. अशा तापल्या भिंतीवर रोलर फिरवला तर रंग पसरायच्या आत वाळतो आणि पट्टे उठतात. म्हणून सकाळी सहा ते दहा काम, आणि पुट्टी लावायच्या आधी भिंतीवर पाणी मारून घ्यायचं. गाडीवरूनच रंग मारता येईल का, असं मी हळूच विचारलं. तो नाही म्हणाला. जुना डिस्टेंपर बोटाला खडूसारखा लागत होता, त्यावर प्लास्टिक पेंट मारला की वर्षभरात पापुद्रे. खरवडायलाच पाहिजे.

एका बाबतीत मी त्याला जुमानलं नाही. खिडकीच्या गजांवर वडिलांच्या काळचा ऑइलपेंट होता, थरावर थर. तो कोरड्या पॉलिश पेपरने घासायला निघाला होता. घरगुती रंगात शिशाचं प्रमाण दहा लाखांत ९० भागांवर जाऊ द्यायचं नाही, हा नियम आपल्याकडे २०१६ साली झाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या डब्यात काय होतं कोण सांगणार? आणि शिसं पोरांच्या मेंदूला वाईट. म्हणून ओला पॉलिश पेपर, दार बंद, चिऊ आणि आई शेजारच्यांकडे, आणि नंतर मी स्वतः दोनदा ओल्या फडक्याने फरशी पुसली. पेंटर हसला. हसू दे.

आता गाडीचं. पलंग हलवला आणि मी तिथेच उकिडवा बसलो. पलंगामागे, डब्यांच्या खिडक्यांत माणसं होती. पेन्सिलीने काढलेली, करंगळीच्या नखाएवढी. तू खिडक्या रिकाम्या ठेवल्या होत्यास ना, तिने रात्री पडल्या पडल्या त्यात प्रवासी भरले होते. कधीपासून, देव जाणे. खालची ठोकळ्यासारखी, वरची नीट नाकडोळ्यांची. आजी दोंडाईच्याच्या डब्यात, नऊवारीत. एका डब्यात नुसत्या शेळ्या. आणि भादलीच्या डब्यात एक मिशीवाला, खाली लिहिलेलं, "दिनू काका, तिकीट नाही."

मी तिला हाक मारली. तिने येऊन पाहिलं, हसली, "ई, किती भंगार काढायचे मी!" आणि मग एकदम गप्प. पेंटरच्या हातातला खरवडायचा पत्रा घेतला आणि नंदुरबारच्या डब्यातली एक खिडकी खर्रकन खरवडून टाकली. कोण होतं तिथे, मला वाचता आलं नाही. मी विचारलंही नाही. बाकीची गाडी खरवडली तेव्हा ती शेजारी आंबे चोखत बसली होती.

सुताराचं काम मात्र झकास झालं. गावच्या धाब्याच्या घराची सागाची एक तुळई गोठ्यात पडून होती, ती चिरून सव्वासहा फुटांचा पलंग आणि भिंतीवरच्या दोन फळ्या निघाल्या. टेबल अडीच फूट उंच, वर एकोणीस मिलिमीटरचं प्लाय. एकच घोटाळा झाला. सुताराने सवयीने टेबल असं बसवलं की उजेड डावीकडून यावा, आणि आमची चिऊ डावखुरी. लिहायला बसली की तिच्याच हाताची सावली वहीवर. परत स्क्रू काढले, टेबल खिडकीच्या दुसऱ्या बाजूला नेलं, भिंतीत चार भोकं उरली. त्यांवर आता आवर्तसारणीचा तक्ता आहे.

राखोडी रंगाला आई अजून "राख फासली" म्हणते. उन्हासाठी मी बाहेरून उपाय केला : गच्चीवर आणि पश्चिमेच्या भिंतीला चुना, थोडं फेव्हिकॉल घालून, दोन हात. आतला चटका बराच कमी झालाय.

आणि कडी? लावली. पहिल्या रात्री तिने ती खट्कन लावली, मी बाहेर उभा राहून ऐकली. पण आपला मे महिना कोणाचं ऐकतो? पारा चव्वेचाळीसला. तिने कूलर लावला, दार-खिडकी बंद, आणि तासाभरात घामाने चिंब होऊन बाहेर. कूलरची ओली हवा बाहेर जायला वाट नसेल तर खोलीचं बाथरूम होतं, हे नववीत शिकवत नाहीत. महिनाभर मधल्या खोलीत एका कूलरपुढे आम्ही चौघं. आईच्या खाटेखाली चिऊची गादी. आता जरा गार पडलंय, तर परवापासून कडीचा आवाज पुन्हा येतो.

मी हल्ली दार वाजवतो. तिसऱ्यांदा वाजवलं की "काय आहे?" असं येतं.

दिवाळीला वहिनींना आणि पोरांना घेऊन ये. तुझी झोपायची सोय हॉलमध्ये केली आहे. चिऊचा निरोप आहे : काका आले तर त्यांनी भिंतीला हात लावायचा नाही.

तुझा,
सुन्या

ता. क. पुसायच्या आधी फोटो काढले होते, सोबत पाठवतोय. नीट बघ. तू 'धरनगाव' लिहिलं होतंस. दुसरीत असताना चिऊने पेन्सिलीने त्याचा 'ण' केला होता, आम्हाला कोणाला दिसला नव्हता.