पडदे नंतर घे, आधी मॅट उचल

प्रिय चिऊ,

काल रात्री तू पाठवलेले सगळे फोटो बघितले, मग बाबांना उठवलं आणि दोघांनी मिळून परत एकदा बघितले. घेतलीस तर शेवटी! १९७३ची फोक्सवॅगन व्हॅन, बे विंडो म्हणतात ती, पुढची काच अखंड, सरकतं दार जागेवर, छताचा कॅनव्हास फाटलाय पण फ्रेम सरळ दिसतेय. इतकी वर्षं तू नुसती म्हणत होतीस आणि आता ती तुझ्या अंगणात उभी आहे, मला तर रात्रभर झोपच लागली नाही बघ.

पण एक सांगू? चौदा फोटो पडद्यांच्या कापडाचे आणि गादीच्या कव्हरचे आहेत, आणि गाडीच्या खालचा फोटो एकच, तोही तिरका आणि अंधारातला. म्हणून फोनवर न बोलता पत्र लिहितेय, म्हणजे काम करताना परत काढून वाचता येईल.

उद्या सकाळी उजेड चांगला असताना केबिनमधली रबरी मॅट उचल. पाय ठेवून चढतो त्या पायरीपासून सुरू कर, मग पुढची चाकं ज्या कमानीत असतात ती जागा, मग मागे बॅटरीखालचा ट्रे, आणि शेवटी गाडीखाली झोपून दोन्ही बाजूंचे सिल, म्हणजे दारांखालच्या लांब पोकळ पट्ट्या. एक जुना स्क्रू ड्रायव्हर घे आणि त्याच्या मुठीनं पत्र्यावर टकटक करत जा. चांगला पत्रा खणखणीत वाजतो, सडलेला भद्द वाजतो, आणि जिथे पुट्टी भरून वर रंग मारलाय तिथला आवाज लाकडावर ठोकल्यासारखा येतो. कान लगेच तयार होतो, अर्ध्या तासात तुला डोळे मिटूनही फरक कळेल. भद्द वाजलं की टोकानं दाब, आत गेलं तर जाऊ दे, घाबरून थांबू नकोस, आज पडलेलं भोक रंगाखाली लपलेल्या भोकापेक्षा शंभर पटींनी बरं. प्रत्येक जागी खडूनं गोल कर आणि फोटो काढ. एवढं झालं की मला पाठव, मग आपण ठरवू किती कापायचं.

हे मी इतकं जीव तोडून सांगतेय कारण आपल्या व्हॅनच्या वेळी मी नेमकं उलटं केलं होतं. तू तेव्हा चार वर्षांची होतीस, तुला आठवत नसेल. मला सुट्टीच्या आत गाडी रंगवून हवी होती म्हणून मागच्या चाकावरचा गंज मी वरवर घासला, पुट्टी भरली आणि रंग मारून मोकळी झाले. दिसायला इतकी सुंदर दिसत होती! दुसऱ्याच पावसाळ्यानंतर रंगाखाली बारीक फोड आले, नखानं एक फोडला तर आतून तपकिरी पाणी आलं आणि मागून पत्र्याचा पापुद्रा हातात आला. गंज आतून बाहेर येतो गं, बाहेरून कितीही घासला तरी आत चालूच राहतो. मग परत सगळं कापलं, चांगला चकचकीत पत्रा लागेपर्यंत कापलं, आणि एका दुपारच्या कामाला अख्खा हिवाळा गेला.

आणि दुसरी चूक त्याहून मोठी होती. सिल कापताना दाराच्या चौकटीत आडवा आधार वेल्ड केला नाही. ह्या गाडीला वेगळी जाड चासी नसते, खालच्या पट्ट्या, सिल आणि वरचं शरीर सगळं मिळूनच गाडीचा कणा असतो, तो कापला की मधला भाग हळूच खाली बसतो, डोळ्यांना दिसतही नाही. आपलं सरकतं दार थोडं उचलून मगच लावावं लागायचं ना, ते त्यामुळे. तेव्हा आधी दाराच्या चौकटीत लोखंडी नळ्या लाव, एका वेळी एकच बाजू काप, ती पूर्ण जोडून झाल्याशिवाय दुसरीला हात लावू नकोस. वेल्डिंग करताना सलग रेघ ओढायची नाही, एक ठिपका इथे, एक हातभर लांब, मग मध्ये, पत्रा थंड होऊ द्यायचा, नाहीतर तो तव्यावरच्या पापडासारखा वाकडा होतो. जोडावर झिंकचा प्रायमर, सांध्यांवर सीलर, आणि सगळं संपल्यावर पोकळ भागात आतून मेणाचा स्प्रे. दाराच्या आणि सिलच्या खालच्या कडेला बारीक भोकं असतात ती मात्र बुजवू नकोस, पाणी बाहेर जायला कंपनीनंच दिलेली असतात, आणि ती बुजल्यामुळेच निम्म्या गाड्या सडतात असं माझं ठाम मत आहे.

जुना रंग कोरडा घासायचा नाही, त्यात शिसं असू शकतं, पाणी लावून पेपर मार आणि चांगला मास्क घाल, कापडाचा नाही. मागच्या ब्रेकचे ड्रम उघडशील तेव्हा आतली धूळ हवेनं उडवू नकोस, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचा, ती ओल्या फडक्यानंच पुसायची.

इंजिनाबद्दल बाबा वेगळं लिहिणार आहेत, त्यांचं ते लाडकं, पण दोन गोष्टी मीच सांगून ठेवते. पहिली, पेट्रोलचे सगळे रबरी पाइप बदल. सगळे. चांगले दिसतायत म्हणून एकही ठेवायचा नाही. इंजिन मागे, गरम, त्याच्या डोक्यावरून पेट्रोल जातं, रबर जुनं झालं की तडकतं आणि गळतं, आणि त्या इंजिनाची केस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची असते, एकदा तिनं पेट घेतला की साध्या उपायांनी विझत नाही. नवे पाइप, नवे क्लॅम्प, आणि आग विझवायचा सिलिंडर ड्रायव्हरच्या हाताला लागेल असा, मागच्या कपाटात नाही. हे होईपर्यंत गाडी चालू करायची नाही, पाच मिनिटं ऐकण्यापुरतीसुद्धा नाही.

दुसरी गोष्ट लाल दिव्याची. तुझं १६०० सीसीचं इंजिन हवेवर थंड होतं, रेडिएटर नाही, पाणी नाही, आणि थंड करणारा पंखा जनरेटरच्याच दांड्यावर बसलेला असतो. तो जनरेटरचा लाल दिवा चालता चालता लागला तर चार्जिंग गेलंय घरी जाऊन बघू असं म्हणायचं नाही, पट्टा तुटला असेल तर पंखाही थांबलाय आणि इंजिन काही मिनिटांत भाजून निघेल. लगेच बाजूला घे, बंद कर, पट्टा बघ. एक जादा पट्टा आणि तो चढवायचा पाना कायम गाडीत हवा. इंजिनाच्या भोवतीचे पत्रे आणि कडेचं रबर कोणीतरी काढून टाकलेलं असतं बऱ्याचदा, तेही बघ, ते नसलं की खालची गरम हवा परत वर खेचली जाते. व्हॉल्व्हची गॅप गाडी पूर्ण गार असताना ०.१५ मिलिमीटर, आणि तेल फक्त अडीच लिटर मावतं म्हणून वेळेवर बदलायचं. टायरची नक्षी चांगली दिसली तरी बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाच, त्यात आठवडा आणि वर्ष असतं. बस, बाकी बाबा सांगतील.

आता तुझ्या आवडीच्या भागाकडे येते, कारण मला माहितीये तू इथपर्यंत ओठ चावत वाचलं असशील.

तू लिहिलंयस की तुला ती "अगदी माझी" करायचीय, आणि कोणीतरी तुला म्हणालं की जुन्या गाडीत असा बदल म्हणजे पाप. अजिबात नाही. ह्या गाडीचा जन्मच तसा आहे. १९४७ मध्ये बेन पॉन नावाच्या डच आयातदारानं वहीच्या पानावर एक चौकोनी डबा काढला, चाकांवर, मागे इंजिन, १९५०ला तो कारखान्यातून बाहेर पडला, आणि पुढच्याच वर्षी वेस्टफालिया नावाच्या जर्मन कंपनीनं त्यात ठेवायला कॅम्पिंग बॉक्स काढला. म्हणजे आठवडाभर ह्याच गाडीत माल वाहायचा आणि सुट्टी आली की आत सामान ठेवून घर करायचं, मग परत बाहेर काढायचं. मला ही कल्पना फार आवडते. तूही तसंच कर, कपाटं, पलंग, टेबल सगळं बोल्टनं बसव, चिकटवून टाकू नकोस. पाच वर्षांनी तुला फरशी परत बघावीशी वाटेल तेव्हा एका दुपारी सगळं बाहेर निघालं पाहिजे. बोल्ट मात्र मजबूत, मागे पट्टी लावून, कारण जोरात ब्रेक मारला की कपाट पुढे येतं आणि पुढे तू बसलेली असतेस.

कपाट बनवायच्या आधी रिकाम्या गाडीत तीन-चार रात्री झोप. खरंच. नुसती गादी टाक आणि एक खोकं घे. डोकं कुठल्या बाजूला केलेलं बरं वाटतं, रात्री उठलीस तर पाय कशावर आपटतो, सकाळचं ऊन कुठून तोंडावर येतं, चप्पल कुठे काढतेस, हे सगळं तेव्हाच कळतं. मग पुठ्ठ्याची कपाटं कर, चिकटपट्टी लावून उभी कर, त्यांच्यात आठवडाभर वावर, आणि मगच प्लायला करवत लाव. आम्ही ओटा आधी केला आणि मग कळलं की ओट्यापुढे उभं राहिलं की दार अडतं, तो अख्खा ओटा परत कापायला लागला.

भिंतीत काचेची लोकर भरू नकोस, ती ओल धरते आणि बरोबर नव्या पत्र्याला लावून ठेवते. दोन माणसं रात्रभर श्वास सोडतात तेवढ्यानंही सकाळी काचा ओघळतात, ते पाणी कुठेतरी जाणारच. पाणी न शोषणारा फोम चिकटव आणि झोपताना वरची हवा थोडी चालू ठेव.

गॅस आत घेणार असशील तर नीट वाच. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला की तळाशी साठतो, म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला फरशीतून बाहेर जाणारं भोक हवंच आणि तो कप्पा आतल्या बाजूनं घट्ट बंद हवा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लाव. थंडी वाजली म्हणून शेगडी पेटवून कधीही झोपायचं नाही, मला वचन दे. जोडणी शिकलेल्या माणसाकडून करून घे, हे एक काम स्वतः करू नकोस.

विजेचं मात्र तू स्वतः कर, तुला जमेल. दुसरी बॅटरी वेगळी ठेव, मध्ये रिले, म्हणजे इंजिन बंद असताना दोन्ही बॅटऱ्या वेगळ्या करणारा स्विच, म्हणजे रात्रभर दिवे चालू राहिले तरी सकाळी गाडी सुरू होते. हिशोब असा कर, १२ व्होल्टची, १०० ॲम्पिअर-तासाची साधी लेड बॅटरी अर्धीच वापरायची, म्हणजे हातात ५० ॲम्पिअर-तास. ४५ वॉटचा फ्रिज दिवसातला निम्मा वेळ चालला तर ४५ ॲम्पिअर-तास तिथेच गेले, आणि अजून एकही दिवा लावलेला नाहीस. आधी काय काय चालवायचंय ते लिही, मग बॅटरी घे. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, आणि वायर पत्र्यातून जाते तिथे रबर घालायला विसरू नकोस.

रंग मूळचा ठेवायचा की तुझ्या आवडीचा हा प्रश्न तू विचारलास. पुढच्या सीटमागच्या पत्र्यावर आकडे ठोकलेली छोटी पाटी असेल, एम-प्लेट म्हणतात तिला, तिच्यात मूळ रंग आणि कारखान्यातून काय काय लावून आली ते असतं. आधी ते शोध. मग हवा तो रंग दे, तुझी गाडी आहे, पण ती पाटी रंगाखाली घालू नकोस. आणि आतले जुने प्लायचे तुकडे सडके असले तरी लगेच फेकू नकोस, नव्याची मापं त्यांच्यावरूनच निघतात. मागच्या बाजूही बघ. आमच्या गाडीत एका पॅनलच्या पाठीमागे पेन्सिलनं केलेली बेरीज निघाली होती, कोणाची देवाणघेवाण होती देव जाणे, बाबांनी त्याच्यावर हातही फिरवू दिला नाही, तसंच परत बसवलं.

आणि हो, आपल्या गाडीचं ते घडीचं टेबल आठवतंय? गाडी दिली तेव्हा ते मी ठेवून घेतलं, तुला सांगितलं नव्हतं. तू पाच वर्षांची असताना त्याच्या खाली झोपून खालच्या बाजूला मेणाच्या खडूनं गाडी काढली होतीस, तीन चाकांची, खिडकीत आपण तिघं आणि छतावर मांजर. मी तेव्हा रागावले आणि मग रात्री त्याच्यावर व्हार्निश मारलं म्हणजे पुसलं जाणार नाही. रंग अजून तसाच आहे, काल काढून पुसलं. फक्त पायाची बिजागरी गेलीय, ती बाबा बदलतायत. तुझ्या सरकत्या दारापासून समोरच्या भिंतीपर्यंत आतून किती सेंटिमीटर आहे ते मोजून कळव, बसत असेल तर पुढच्या रविवारी घेऊन येतो, आणि माझी वेल्डिंगची मशीन पण.

तुझी,
आई

ता. क. मॅट उचललीस की फोटो पाठव. पडद्यांमधलं ते पिवळं मला आवडलंय, पण खरंच नंतर.