सही नको, सप्रेम भेट बघ

बडोदा, रविवार

प्रिय बंड्या,

फोनवर म्हणालास ना, सही असलेलं पुस्तक मिळतंय, दुकानदार हजार मागतोय, घेऊ का म्हणून? नुसतीच सही असेल तर राहू दे रे. रांगेत उभं राहिलं की सही कुणालाही मिळते. खरी मजा कोणी कोणाला दिलं त्यात आहे, एका पानावर दोन नावं पाहिजेत.

मार्क्सचंच घे. १८७३ मध्ये त्याने 'दास कॅपिटल'ची दुसरी जर्मन आवृत्ती सही करून डार्विनला पाठवली. डार्विनने आभाराचं पत्र धाडलं, सगळं रीतसर, पण त्या प्रतीची ८२२ पैकी जेमतेम १०५ पानं कापलेली, पुढची तशीच चिकटलेली! तेव्हा पानं कडेला जोडलेली यायची ना, सुरीने कापत कापत वाचायची. म्हणजे पुढे साहेबांनी उघडलंच नाही :) मला तर सहीपेक्षा ती न कापलेली पानंच जास्त आवडतात.

आणि आपल्या बडोद्यात काय कमी माणसं होती? १८९३ ते १९०६ अरविंद घोष इथे, रियासतकार सरदेसाई महाराजांच्या नोकरीत, रमेशचंद्र दत्त दिवाण, १९१३ ला सयाजीरावांच्या स्कॉलरशिपवर आंबेडकर कोलंबियाला गेलेले. ह्यांनी एकमेकांना पुस्तकं दिली नसतील होय? बाबासाहेबांचं १९२३ चं 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी', आत महाराजांचं नाव आणि खाली सही, असं काही रद्दीत हाती लागलं तर मी नोकरी सोडतो बघ, तुझ्या वहिनीला सांगू नकोस. पण लोक विकायच्या आधी नेमकं तेच पान फाडतात, भेट रद्दीत घातली हे कळू नये म्हणून. रावपुऱ्यातल्या माझ्या रद्दीवाल्याकडे अशी पहिलं पान नसलेली पुस्तकं ढिगाने आहेत, बघून जीव जळतो.

जाताना भिंग ने. शाईची रेघ कागदात किंचित पसरते, दाब पडलाय तिथे गडद दिसते, पान उजेडात धरलं तर बऱ्याचदा मागूनही दिसते. छापलेली सही सपाट, बारीक ठिपके दिसले की खाली ठेव. आणि लायब्ररीचा शिक्का आहे पण रद्द केल्याचा नाही, तर हात पण लावू नको, चोरीचं असू शकतं.

वर 'यांस' वगैरे काही असेल तर नाव कळव आणि फोटो व्हॉट्सॲपवर टाक, फ्लॅश न मारता. बाकी भेटल्यावर.

तुझा,
बाळ्या