पुन्हा शिकायला जाताना आई-बाबांना

प्रिय आई-बाबा,
सा. न.

प्रवेश पक्का झाला. विषय तोच, अर्धवट सुटलेला संख्याशास्त्र. फोनवर सांगितलं तेव्हा बाबा "छान" म्हणाले आणि गप्प झाले. आई, तू विचारलंस, "एवढी घाई आहे का गं?" त्या प्रश्नाला फोनवर नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून लिहिते आहे.

तुमची भीती मला कळते. अभ्यासाचा ताण, जागरणं, निकालाची धास्ती, आणि त्यात मी पुन्हा प्यायला लागले तर? ही भीती खोटी नाही. उपचारांनंतर व्यसन उलटण्याचं प्रमाण 40 ते 60 टक्के सांगतात. उच्च रक्तदाब आणि दमा उलटण्याचं प्रमाणही साधारण तेवढंच, किंबहुना थोडं जास्तच आहे. बाबा, तुमचं बीपी वाढलं की आपण तुम्हाला दोष देत बसत नाही. गोळी चुकली का ते बघतो, डॉक्टरांकडे जातो. माझ्या आजाराकडेही तसंच बघा.

घाई तर मी मुळीच केलेली नाही. मला खरं म्हणजे आधीच जायचं होतं, समुपदेशकांनी थांबवलं. तलफ सोडून बाकी कुठलंही लक्षण सलग बारा महिने दिसलं नाही, तरच डॉक्टर त्याला टिकलेली सुधारणा म्हणतात. तो टप्पा ओलांडल्यावरच अर्ज भरला. पहिल्या सत्रात दोनच विषय घेतले आहेत.

डोक्याला सावरायला वेळ लागतो, हे मी स्वतः अनुभवलं. दारूने मेंदूत डोपामिन या सुखाशी जोडलेल्या रसायनाची लाट येते, तिची सवय झाली की साध्या गोष्टींत रस उरत नाही. दारू थांबल्यावरही लक्ष आणि स्मरणशक्ती सावरायला कित्येक महिने जातात. सुरुवातीला पान वाचून संपायचं आणि वरच्या परिच्छेदात काय होतं तेच आठवायचं नाही. मग मी कोऱ्या कागदाने खालच्या ओळी झाकायला लागले. एक ओळ वाचायची, समासात पेन्सिलीने आपल्या शब्दांत लिहायची, मगच कागद खाली सरकवायचा. संभाव्यतेतलं बेजचं प्रमेय असंच इंचाइंचाने वाचलं. एका संध्याकाळी पान उलटलं आणि लक्षात आलं, कागद मघापासून बाजूलाच पडला होता. त्या दिवशी मला खूप आनंद झाला. तो तुम्हाला सांगायचाच राहिला होता.

बरेच जण म्हणतात, आता तू समुपदेशकच हो. त्या कामाबद्दल मला फार आदर आहे, पण मला आकडेच आवडतात. बरं झालेल्या माणसाने आयुष्यभर आपल्या आजारातच काम करावं, हे मला पटत नाही.

अशी मी एकटीच नाही. व्यसनातून सावरणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाने 1977 मध्येच आधार कार्यक्रम सुरू केला. रटगर्स विद्यापीठाने 1988 मध्ये त्यांच्यासाठी वेगळी राहायची सोय केली. माझ्या कॉलेजात असं काही नाही, म्हणून माझी व्यवस्था मीच लावली आहे. वर्ग सकाळचे घेतलेत, दारू सोडलेल्यांच्या आमच्या गटाची संध्याकाळची मीटिंग चुकणार नाही. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चारांपासून जपायला आम्हाला शिकवतात. परीक्षेच्या आदल्या रात्री चारही एकदम येऊ शकतात, म्हणून रात्रभर जागून अभ्यास करायचा नाही हे ठरलेलं आहे. पेपर संपतो तो दिवस तर मला जास्त धोक्याचा वाटतो. सगळे साजरं करायला निघतात, आणि "आता काय हरकत आहे" हा विचार नेमका तेव्हाच येतो. त्या दिवशी पेपर सुटला की थेट माझ्या स्पॉन्सरकडे, म्हणजे गटातल्या मला आधार देणाऱ्या जुन्या मैत्रिणीकडे जायचं, हे तिच्याशी बोलून ठेवलं आहे.

तुमच्याकडून दोन गोष्टी हव्या आहेत. शंका आली तर सरळ विचारा, "घेतलीस का?" मला राग येणार नाही. आवाजावरून अंदाज बांधत रात्र काढू नका. आणि मार्क कमी पडले तर लगेच आजाराशी जोडू नका. संख्याशास्त्र अवघड असतं, सगळ्यांनाच.

आई, तू अजूनही फोन उशाशी घेऊन झोपतेस, बाबांनी सांगितलं. व्यसनी माणसाच्या घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉनच्या मीटिंगा असतात, 1951 पासून. तिथे माझ्याबद्दल काही बोलायची सक्ती नाही, नुसतं बसून ऐकलं तरी चालतं. एकदा जाऊन बघ. माझी काळजी वाहताना तुझी झोप गेली, ती तुला परत मिळालेली मला बघायची आहे. बाबा, तुम्हीही जा तिच्याबरोबर.

फी मी पगारातून हप्त्याने भरते आहे, पैसे पाठवू नका. पहिल्या वर्षाची मूळ गुणपत्रिका मात्र तुमच्या फायलीत असेल. ती स्पीड पोस्टाने पाठवा, कॉलेजला झेरॉक्स चालत नाही.

तुमची लाडकी लेक